स्वेटर घाटमाथ्यापुरता

डिसेंबरात गुहागरला निघालेल्या पुणेकर कुटुंबाच्या बॅगेत निम्मी जागा स्वेटर अडवतात, आणि कामाला येतात ते कुंभार्ली घाट उतरेपर्यंतच. वर हुडहुडी, चिपळूणला गाडीच्या काचा खाली! रत्नागिरीच्या पट्ट्यात या दिवसांत पहाटे पारा साधारण १९-२० अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तिशी ओलांडतो. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, तो शेजारी असताना कडाका कसला पडणार? पहाटे मात्र आजीला शाल लागतेच, कारण रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो आणि अंगणातल्या खुर्च्या दवाने ओल्या झालेल्या असतात. याच वेळी पाणी बहुधा शांत असतं. पोरांना डुंबू द्यायचं तर नाश्ता झाल्या झाल्या, भरतीचं वेळापत्रक गावकऱ्यांना विचारून. दुपारी खारा वारा सुटला की लाटा फुटायला लागतात आणि वाळू पोह्यांतही सापडते. त्या वाऱ्यात ऊन जाणवत नाही, रात्री पाठ भाजल्याचं कळतं. म्हणून टोपी स्वेटरआधी भरावी. पाऊस? सहसा नाहीच. पण अरबी समुद्रात कुठे कमी दाबाचा पट्टा झाला तर आभाळ भरून येतं. तुम्हाला तेवढीच सावली. घरमालक मात्र आंब्याच्या मोहोराकडे बघत गप्प होतो. त्या दिवशी त्याच्याकडे हापूसच्या पेटीचा भाव काढू नये.