हिशेबांत न धरलेलें पीक

धरण घालावयाचें म्हटलें कीं, पाणी किती सांठेल, जमीन किती भिजेल व वीज किती निघेल, एवढाच हिशेब मांडण्याची चाल आहे. पुराबरोबर नदींत जें आपोआप पिकतें तें त्यांत कोणी धरीत नाहीं. ही चूक केवढी महाग पडते, तें मेकाँगच्या खोऱ्यांतील एका माशावरून आमच्या वाचकांस दिसून येईल.

हा मासा आपल्या तळ्यांतील कटल्याच्या कुळांतला. शास्त्रीय नांवांतही कटल्याचें नांव गोंविलेलें आहे. कंबोडियांत त्यास ‘कोलरिएंग’ व थायलंडांत ‘काहो’ म्हणतात. लांबी ३ मीटर व वजन ३०० किलोपर्यंत जातें असें सांगतात. एवढें धूड, पण पोसतें तें शेवाळावर व पुरांत बुडालेल्या झाडांच्या फळांवर!

पावसाळ्यांत मेकाँग फुगली म्हणजे तिचें पाणी तोन्ले साप नदींतून उलटें चढून त्याच नांवाच्या सरोवरांत शिरतें, व सरोवर उन्हाळ्याच्या कित्येक पट पसरतें. कांठचें बुडालेलें रान हेंच माशांच्या पिलांचें कुरण होय.

कंबोडियांत १९६४ सालीं हा मासा सुमारें २०० टन सांपडला. १९८० सालीं पन्नासएक मासे मिळाले, आणि २००० सालीं अवघे दहा. २००५ मध्यें त्यास राष्ट्रीय मत्स्याचा मान देण्यांत आला. तोंवर मासा बहुतेक संपलाच होता. बेसुमार जाळीं व धरणें यांकडे बोट दाखविलें जातें, तें योग्यच आहे. परंतु रान तोडून भातखाचरें काढणाऱ्या शेतकऱ्यांचाही यांत वांटा आहे. तो झांकण्यांत अर्थ नाहीं.

मासे तळ्यांत निपजवितां येतात, मग नदीची चिंता कशास, असें कोणी म्हणेल. थायलंडांत या माशाची कृत्रिम पैदास होते हें खरें. आपल्याकडेही १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ग्रंथींचा अर्क टोचून आपल्या कार्प माशांची वीण करून दाखविली, व पुढें तळ्यांस बीज मिळण्याची सोय झाली. पण त्याच त्या थोड्या जोडप्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज काढलें तर वाण खालावतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मूळ वाण नदींतच राहतें.

म्हणून नव्या बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकांत मासळीचें उत्पन्न एका पिकाप्रमाणें लिहिलें जावें, असें आमचें मत आहे. ज्या सभासदांचीं शेतें धरणाच्या फुगवट्याकांठीं आहेत, त्यांनीं निदान आषाढ-श्रावणांत ओढ्याच्या मुखाशीं जाळें लावूं देऊं नये.