रेशनवर ज्वारी, शाळेसमोरील खाऊच्या पुड्यांवर बंदी आणि महिलांना चालण्यासाठी जागा मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, परभणी.

अर्जदार : समस्त ग्रामस्थ व पालक, पोखर्णी (नृसिंह), ता. जि. परभणी.

विषय : ग्रामीण भागातील वाढत्या लठ्ठपणास आळा घालण्यासाठी तातडीने उपाय करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, लठ्ठपणा हा शहरातल्या सुखवस्तू घरांचा आजार आहे हा समज आता सोडावा लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात जादा वजनाच्या महिलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 15 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 19.7 टक्क्यांवर गेले. म्हणजे खेड्यातल्या दर पाच बायकांमागे जवळपास एक. त्याच सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. पोट सुटलेले आणि अंगात रक्त नाही, अशी ही दुहेरी आपत्ती आहे. तिला खादाडपणा किंवा आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

आमच्या शिवाराकडे पाहिले की कारण कळते. रब्बीत जिथे ज्वारी आणि करडई उभी असायची, तिथे आता सोयाबीन आणि त्यामागे हरभरा. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, कणसे खुडायला बाया मिळत नाहीत, भावाची खात्री नाही. शेतकऱ्याला दोष कसा देणार? पण ज्वारी रानातून गेली तशी चुलीवरूनही गेली. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो, मग भाकरी थापणार कोण? करडईचे घाण्याचे तेल जाऊन पिशवीतले तेल आले. ते स्वस्त पडते म्हणून सढळ हाताने पडते. 2022 च्या दिवाळीत सुरू झालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेलच होते. गरिबाचा सण गोड झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण सरकारी पिशवीत ज्वारीला जागा मिळाली नाही, याचे वाईट वाटते.

कामही बदलले. तणनाशक आले, खुरपणी कमी झाली. मळणीयंत्र आले, मोटारसायकल आली. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले, बायकांच्या कमरा त्या कष्टात मोडल्या आहेत. मात्र अंगमेहनत कमी झाल्यावर शरीर हलते ठेवायला दुसरी सोय कोणी केली नाही.

भाकरीसाठी बाहेर पाहायची गरज नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ दिली आणि 2018 मध्ये लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली. आपल्याच जिल्ह्याचे वाण आपल्याच जिल्ह्यातल्या अंगणवाडीच्या ताटात नसावे? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य देण्याची तरतूद आहेच. म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून हमीभावाने ज्वारी खरेदी करून रेशनवर गव्हाचा काही हिस्सा ज्वारीच्या रूपात द्यावा, आणि अंगणवाडी व शालेय पोषण आहारात आठवड्यातून किमान दोन दिवस ज्वारीचा पदार्थ ठेवावा. खरेदीची हमी मिळाली तर पेरा आपोआप वाढेल.

दुसरी बाब मुलांची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हातात पाच-दहा रुपयांची पुडी आणि रंगीत साखरपाणी, हे चित्र गावोगावचे आहे. जादा चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. तो कागदावरच राहिला आहे. अन्न व औषध प्रशासनामार्फत त्याची अंमलबजावणी करावी. परंतु टपरीवाल्या गरिबाचा माल जप्त करून प्रश्न सुटणार नाही. त्याला शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, केळी विकता यावीत म्हणून आधी मुदत आणि समज द्यावी.

तिसरी मागणी महिलांच्या वतीने. पहाटे चालायला जावे तर रस्त्यावर भरधाव ट्रॅक्टर आणि ट्रक. सायंकाळी जावे तर अंधार. आणि दुपारी परभणीचे ऊन. त्यातून ‘हिला काय काम नाही का’ हा टोमणा वेगळाच. गावात शाळेच्या किंवा गायरानाच्या जागेवर दिवे, झाडे व स्वच्छतागृहासह चालण्याचा मार्ग करून द्यावा आणि त्याच्या काही वेळा फक्त महिलांसाठी राखाव्यात.

आरोग्य खात्यास कळवावे की, तिशीनंतरच्या तपासणीत रक्तदाब व साखरेबरोबर कमरेचा घेरही प्रत्येकाचा मोजला जावा. महिलांमध्ये 80 आणि पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटरपुढे गेल्यास सल्ला मिळावा. ही मोजणी आडोशाला व्हावी, चारचौघांत आकडा ओरडून सांगू नये. लाजेपोटी माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

वरील मागण्यांवर पुरवठा, आरोग्य, शिक्षण, कृषी आणि अन्न व औषध प्रशासन या विभागांची संयुक्त बैठक एका महिन्याच्या आत घ्यावी, तीत आमच्या प्रतिनिधींना व आशाताई, अंगणवाडीताईंना बोलवावे आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ व पालक,
पोखर्णी (नृसिंह)

प्रत माहितीस्तव :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, परभणी