एकहाती धंद्याचा लॅपटॉप

दिवाळी तोंडावर आली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची बातमी आत जाते आणि तिच्या जागी लॅपटॉपची जाहिरात येते. किंमत ठसठशीत अक्षरांत, शेजारी काट मारलेली जुनी किंमत, आणि तळाला मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक टायपातले तपशील. गिऱ्हाइकाने वरची मोठी अक्षरे पाहावीत अशी जाहिरातदाराची इच्छा असते. आपण आज ती मुंग्यांची रांग वाचावयाची आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. मग यंत्रांविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मराठी घेऊन एम्. ए. झालेली मुले पूर्वी मास्तर होत, नाहीतर छापखान्यात मुद्रिते तपासायला बसत. हल्ली त्यांच्यातली कितीतरी जण घरी बसून भाषांतरे करतात, चित्रपटांची उपशीर्षके लिहितात, श्राव्य पुस्तकांच्या संहिता तयार करतात. त्यांना ना मालक, ना कचेरी, ना एक तारखेचा पगार. एक टेबल आणि त्यावर एक लॅपटॉप, एवढीच काय ती पेढी. तो कोणता घ्यावा हे विचारायला ती आपल्या जुन्या मास्तरांकडे येतात. त्यांच्याबरोबर दुकाने पालथी घालता घालता मास्तरांनाही त्यातले थोडेफार कळू लागले आहे, इतकेच.

सध्या साताऱ्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. बारा वर्षे एका प्रकाशनसंस्थेत काढल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि भाषांतर व मुद्रितशोधन स्वतंत्रपणे करावयाचे ठरवले. मुदतठेव मोडून पासष्ट हजार रुपये हाताशी आले आहेत. त्या लिहितात, ‘‘सर, घरचे म्हणतात तीस हजारांतही लॅपटॉप मिळतो. दुकानदार म्हणतो नव्वद हजारांखाली बघूच नका. कोणाचे ऐकू? पैसे एकदाच आहेत.’’

ताई, आधी एक साधा हिशेब करू. यंत्र पाच वर्षे चालले आणि वर्षाला ३०० दिवस तुम्ही काम केले, तर पासष्ट हजारांचे यंत्र दिवसाला ४३ रुपयांना पडते. तीस हजारांचे २० रुपयांना, नव्वद हजारांचे ६० रुपयांना. म्हणजे घरच्यांचे ऐकले तर रोजचे २३ रुपये वाचतात आणि दुकानदाराचे ऐकले तर १७ रुपये जास्त जातात. आता यंत्र बंद पडून तुमचा एक दिवस बुडाला तर किती बुडतील, तेही मांडा. कचेरीतले यंत्र बिघडले तर शेजारचे टेबल मोकळे असते. तुमच्या घरी शेजारचे टेबल नाही, आणि बुधवारी द्यावयाचा मजकूर प्रकाशकाला बुधवारीच हवा असतो. तेव्हा एकट्याने धंदा करणाऱ्याने ‘यंत्र किती वेगाने चालते?’ याच्या आधी ‘ते किती दिवस बंद राहील?’ आणि ‘यातले काय मला पुढे बदलता येणार नाही?’ हे दोन प्रश्न विचारावेत. बाकीच्या गोष्टी या दोहोंच्या मागून येतात.

न बदलता येणाऱ्या गोष्टींत पहिला मान कळफलकाचा. जाहिरातीत त्याविषयी एक अक्षर नसते, आणि तुमची बोटे तर दिवसाचे आठ तास त्याच्यावर. त्यातून मराठी लिहिणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी आहे. सरकारी प्रमाण असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘त’ची दाबली की ‘थ’, आणि डावीकडचे ‘अ’, ‘आ’, ‘इ’ हे पूर्ण स्वरही शिफ्ट दाबूनच येतात. म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याला वाक्याच्या आरंभी लागणारी शिफ्टची कळ आपल्याला शब्दागणिक लागते. पुष्कळ यंत्रांत बाणांच्या कळांना जागा करण्यासाठी उजवी शिफ्ट कापून आखूड करतात. इंग्रजीवाल्याच्या ते ध्यानातही येत नाही. मराठी लिहिणाऱ्याची करंगळी मात्र संध्याकाळी तक्रार करू लागते. तीच गत उजव्या कडेच्या कळांची. इंग्रजीत तिथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस असली किरकोळ मंडळी राहतात. मराठीत तिथे ‘च’, ‘ट’ आणि ‘ड’ यांचे बिऱ्हाड आहे. बाजूला आकड्यांचा वेगळा पट्टा घुसवायचा म्हणून या कडेच्या कळा चेपल्या असतील तर ते यंत्र कितीही देखणे असो, आपल्या कामाचे नव्हे.

म्हणून दुकानात गेल्यावर संकोच सोडून मराठी कळफलक चालू करून घ्या. विंडोजमध्ये तो मुळातच असतो, जोडायला दोन मिनिटे लागतात. आणि उभ्याउभ्या नव्हे, खुर्ची मागून घेऊन, एक पानभर मजकूर टंका. विक्रेता कंटाळेल. कंटाळू द्या. बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, तेव्हा बाजारातला दलाल काय खूष असतो थोडाच! हातासरशी झाकण एका कोपऱ्याला धरून दोनचार वेळा उघडझाप करा आणि बिजागरी करकरते का तेही पाहा. ती निखळली की पडदाही बहुधा तिच्याबरोबर जातो.

दुसरी गोष्ट पडदा. मुद्रितशोधन करणाराच्या दृष्टीने तर हीच पहिली म्हणावयाची. देवनागरीचा संसार रेघेच्या वरही आहे आणि खालीही. रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसलेले, खाली उकार, त्यात जोडाक्षर. भरड पडद्यावर हे सगळे मिळून एक काळा ठिपका दिसतो आणि चुकीचा अनुस्वार छापून येतो. पडदा निदान १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असावा. १९२० गुणिले १२०० चा मिळाला तर फार उत्तम, कारण त्यात उंची नवव्या हिश्श्याने वाढते आणि पानावर तेवढ्या ओळी जास्त दिसतात. चित्रपट पाहणाऱ्याला आडवा पडदा आवडतो. मूळ पुस्तक आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला उंच पडदा हवा. उजेडाचे माप ‘निट्स’मध्ये देतात. २५० निट्सचा पडदा दिवाणखान्याच्या खिडकीपाशी फिका पडतो, ३०० किंवा त्याहून अधिक असू द्या. पडदा ‘आयपीएस’ जातीचा आणि चकाकी नसलेला असला म्हणजे तिरके पाहिले तरी रंग पालटत नाहीत आणि मागच्या दिव्याचे प्रतिबिंब मजकुरावर नाचत नाही.

इथे जाहिरातीतली एक मेख सांगून ठेवतो. एकाच नावाखाली तीन-चार यंत्रे विकली जातात. नाव तेच, पण एकाचा पडदा चांगला, दुसऱ्याचा सामान्य. एकात १६ जीबी स्मृती, दुसऱ्यात ८. म्हणून नावावर जाऊ नका. खोक्यावरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदावर उतरवून घ्या आणि घरी येऊन कंपनीच्या तपशिलाशी ताडून पाहा. मुद्रितशोधकाला हे काही नवे नाही.

आता स्मृती, म्हणजे ज्याला सगळे ‘रॅम’ म्हणतात ती. शब्दकोश, भाषांतराची प्रणाली, ब्राउझरची पंचवीस पाने आणि मध्येच प्रकाशकाशी चालणारी दृक्‌बैठक, एवढा पसारा ८ जीबीत मांडला तर यंत्र धापा टाकू लागते. १६ जीबी घ्या. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की ती स्मृती बोर्डावर डाखलेली आहे की खाचेत बसवलेली? डाखलेली असेल तर आज घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. खाच असेल तर पुढे वाढवता येते. पूर्वी मी सांगत असे की खाच असली तर आठ घ्या, दोन वर्षांनी स्वस्त झाली की वाढवा. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांनी चिपांची एवढी खरेदी केली की स्मृतीचे भाव उतरण्याऐवजी भडकले. ‘पुढे स्वस्त होईल’ या भरवशावर आता मी कोणाला थांबवत नाही. साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एसएसडी मजकुराच्या धंद्याला पुरते.

प्रोसेसरवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मजकुराचे काम करणाऱ्याने त्यात पडू नये. मध्यम प्रतीचा, दोनतीन वर्षांच्या आतल्या आराखड्याचा असला म्हणजे झाले. मात्र आकड्यांना भुलू नका. एएमडी कंपनीने २०२३ साली जी क्रमांकपद्धती आणली तिच्यात पहिला आकडा सालाचा आणि तिसरा आराखड्याचा. ‘रायझन ५ ७५२०यू’ यातला सात पाहून गिऱ्हाईक नवा माल समजतो. तिसरा आकडा दोन म्हणजे मूळ आराखडा २०१९ सालचा. ‘७५३०यू’ त्याच्या पुढचा आणि ‘७६४०यू’ त्याच्याही पुढचा. इंटेलनेही २०२३ मध्ये नावातला ‘आय’ टाकून दिला, आणि पुढच्या साली आलेला ‘कोअर ५ १२०यू’ हा नव्या नावाखालचा तेराव्या पिढीचाच आराखडा होता. कामाला तो वाईट नाही, पण नव्याचा भाव देऊ नये. खेळासाठी लागणारे वेगळे ग्राफिक्स-कार्ड तुम्हाला नको. त्याने यंत्र जड होते, तापते, आणि बॅटरी लौकर संपते. चित्रफिती जुळवणाऱ्या किंवा घरांचे नकाशे काढणाऱ्याची गोष्ट वेगळी.

बॅटरी तासांत मोजू नका, जाहिरातीतले तास फुगवलेले असतात. ‘वॉट-अवर’चा आकडा पाहा. ४० च्या आसपास असेल तर बेताची, ६० च्या वर असेल तर चांगली. यूएसबी-सी तून भरता येते का विचारा. मग चार्जर घरी विसरला तरी दुसरा कुठूनही मिळतो. २०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपांची विंडोज-यंत्रे आली आहेत, त्यांची बॅटरी दीर्घकाळ पुरते. पण जुने प्रिंटर, कुलपाच्या डोंगलवर चालणाऱ्या जुन्या मराठी प्रणाली आणि वकील व हिशेबतपासनीस वापरतात ती सहीची टोकने यांचे त्यांच्याशी जमेलच असे नाही. आधी आपली वस्तू जोडून पाहा. मॅकबुक एअर गुणाने उत्तम, परंतु तिची स्मृती आणि साठवण दोन्ही घेतानाच ठरतात, आणि प्रकाशक जुन्या फाँटांतली फाइल पाठवत असेल तर तुमची अडचण व्हायची.

दुरुस्तीविषयी दुकानदार आपण होऊन काही बोलत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. एक वर्षाची हमी सगळेच देतात. पण तंत्रज्ञ घरी येणार, की यंत्र केंद्रावर नेऊन द्यावयाचे? केंद्र साताऱ्यात आहे, की पुण्याला? तुटलेली कळ किती दिवसांत बदलून मिळते? त्या केंद्राला फोन करून, गिऱ्हाईक म्हणूनच, विचारून पाहा. जे उत्तर मिळेल, आणि ज्या सुरात मिळेल, त्यावर दोन कंपन्यांतली निवड करायला माझी हरकत नाही. घरी येऊन दुरुस्तीची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवून घ्या. चहा सांडणे तिच्यात बसते की नाही तेही वाचा. चकचकीत धातूचे कवच आणि ‘एआय’ची चिकटपट्टी यांच्यासाठी दुकानदार जे जास्तीचे पैसे मागतो, ते इथे घाला.

पासष्टच्या पासष्ट हजार यंत्रातच घालू नका. साठापर्यंत थांबा. उरलेल्यात १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या आणि रोज रात्री त्या दिवसाचे काम तिच्यावर उतरवा. वीज गेल्यावर इंटरनेटचा राउटर तासभर चालेल एवढी छोटी बॅटरीही घ्या. पैसे याहून कमी असतील तर मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली, दुरुस्त केलेली यंत्रेही बाजारात असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तर दुकानेच्या दुकाने आहेत. त्यांचे कळफलक पुष्कळदा नव्या स्वस्त यंत्रांहून सरस असतात. फक्त ते विंडोज ११ घेते का हे पाहा, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा जुना लॅपटॉपही विकू नका, त्याचे येऊन येऊन येणार किती? त्यावर लिनक्स बसवून घ्या. इन्स्क्रिप्ट तिथेही आहे. नवे यंत्र दुरुस्तीला गेले तर ते चार दिवस निभावून नेईल.

बिल धंद्याच्या नावाने करा. १८ टक्के जीएसटी किमतीत असतोच. तुमची नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घालायला सांगा, म्हणजे तो कर वजा मागता येतो. नोंदणी नसेल तरी बिल हिशेबाच्या फायलीत लावा. पेटी घरी आली की पहिल्या आठवड्यात सारे काम नव्या यंत्रावरच करा. मेलेला ठिपका, न दबणारी कळ, रात्री घरघरणारा पंखा, हे तेव्हाच कळते, आणि बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ती मुदत संपेपर्यंत खोके आणि आतले पुठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका, माळ्यावर टाका.