माशीची मजुरी आणि विषाचा बाजार

करडईच्या शेंड्यावर मावा दिसला की शेतकरी दुकानाची वाट धरतो आणि दुकानदार देईल ते 'औषध' आणून फवारतो. विषालाच औषध म्हणण्याची सवय विकणाऱ्याच्या फार सोयीची आहे. या व्यवहाराच्या जमाखर्चात एक खाते मात्र नेहमी कोरे राहते. ते खाते सिरफिड माशीचे आहे.

अंगावरील पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे ही माशी मधमाशी किंवा गांधीलमाशी वाटते. प्रत्यक्षात तिला नांगी नाही. भक्षकांपासून बचावासाठी घेतलेले ते सोंग आहे. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन इवले अवयव असतात. जगात हिच्या सुमारे ६००० जाती ज्ञात आहेत. प्रौढ माशी मकरंद व पराग यांवर जगते आणि फुलाफुलांतून परागीभवन करते. अनेक जातींच्या अळ्या मात्र मावा खातात. पाय नसलेली ही अळी वाढ पूर्ण होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते.

हे काम क्षुल्लक नव्हे. दक्षिण इंग्लंडवरून होणाऱ्या या माश्यांच्या स्थलांतराचे रडारने केलेले मोजमाप २०१९ साली प्रसिद्ध झाले. दरवर्षी एक ते चार अब्ज माश्या तेथून ये-जा करतात आणि त्यांच्या अळ्या ३ ते १० लाख कोटी मावा खातात, असा त्यातील हिशेब आहे. २०२० सालच्या एका आढाव्यानुसार जगातील किमान ७२ टक्के अन्नपिकांच्या फुलांना या माश्या भेट देतात. त्या पिकांचे मूल्य वर्षाला सुमारे ३०० अब्ज डॉलर ठरविण्यात आले. बाजाराच्या पंडितांना किंमत हवी होती, ती मिळाली. परंतु किंमत ठरल्याने माशी वाचली काय? २०२२ साली युरोपातील ८९० जातींची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी ३१४ जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. ज्या मजुरीचे बिल कोणीच देत नाही, ती मजुरी बुडविणाऱ्यालाही दंड होत नाही, हाच या अर्थव्यवस्थेचा नियम आहे.

'मावा वाढला तर पीक जाईल, शेतकऱ्याने माशीची वाट पाहत बसावे काय?' असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. मावा नराविना, थेट पिल्लांना जन्म देऊन झपाट्याने वाढतो; त्याचे भक्षक मात्र सावकाश वाढतात. सर्वनाशी फवारणीत दोघेही मेले, तर आधी परततो तो मावा. मग दुसरी फवारणी, मग तिसरी! विषाचा ग्राहक अशा रीतीने विषानेच निर्माण होतो. तेव्हा दोष शेतकऱ्याचा नाही. ज्या व्यवस्थेत सल्लागार आणि विक्रेता एकच असतो, त्या व्यवस्थेचा आहे.

या व्यवस्थेत माशीबरोबर माणूसही मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम आजही दुकानात मिळतात. तेथील माशीला जे संरक्षण मिळते, ते येथील मजुरालाही मिळू नये?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. पिकाचा सल्ला विक्रीपासून वेगळा करा आणि तो सरकारी कृषी सहायकाने बांधावर येऊन द्यावा. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी नको. पानावर अळ्या आहेत की नाहीत हे आधी पाहावे. बांधावर मोहरी आणि कोथिंबीर फुलू द्यावी, म्हणजे प्रौढ माशीला अन्न मिळेल. यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, कर्जही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही. ते काम कार्यकर्त्यांनाच गावोगाव करावे लागेल.