गाईड, पण परीक्षेचं नव्हे

परवा रविवारी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. आई मदतीला. एक मोठ्या आकाराचं पुस्तक उघडून तिने आतल्या आकृत्या, नळ्या, तक्ते बघितले आणि म्हणाली, "हे तुझ्या इंजिनिअरिंगचं गाईड ना? आता काय उपयोग? रद्दीत टाकू?"

मी जवळजवळ ओरडलोच. ते होतं 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन टेक्निकल मॅन्युअल', १९९१ सालचं. रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा यांनी लिहिलेलं. गाईडच आहे म्हटलं, पण अस्तित्वात नसलेल्या जहाजाचं. आईने फक्त "कितीला घेतलंस?" एवढंच विचारलं. किंमत मी सांगितली नाही.

त्याच कपाटात काकाची एक जुनी वही पण निघाली, पण तिच्याबद्दल नंतर सांगतो.

तर मुद्दा असा, की विज्ञानकथांच्या टीव्ही मालिकांवरची ही असली सोबतीची पुस्तकं आज कोणी का विकत घ्यावीत? मित्र म्हणतात, सगळी माहिती नेटवर फुकट आहे, कोणत्या भागात कोण मेलं ते दोन सेकंदात कळतं. खरं आहे. निव्वळ माहितीसाठी ही पुस्तकं घेणं म्हणजे मूर्खपणा. पण माझं म्हणणं असं आहे की यातली चांगली पुस्तकं माहितीसाठी नव्हतीच.

अर्थात, सुरुवात माहितीपासूनच झाली. मूळ स्टार ट्रेक १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. तेव्हा घरी व्हीसीआर नाही. भाग एकदा हुकला की पुन्हा दाखवतील तेव्हा! बीजो ट्रिंबल नावाच्या बाईंनी (दुसरं वर्ष चालू असताना मालिका बंद पडू नये म्हणून पत्रांची मोहीम चालवणाऱ्या त्याच या) १९६९ मध्ये 'स्टार ट्रेक कॉन्कॉर्डन्स' स्वतःच छापलं. पात्रं, ग्रह, यंत्रं, सगळ्याची सूची. मूळ काम डोरोथी जोन्स नावाच्या दुसऱ्या चाहतीने सुरू केलेलं. मोठ्या प्रकाशकाने ते काढलं १९७६ मध्ये, आणि त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर फिरवायची एक चकती होती. चकती फिरवून भाग शोधायचा. आजच्या भाषेत सर्च इंजिन, पुठ्ठ्याचं :-)

पण मी ज्याच्यावर फिदा आहे ते आमचं टेक्निकल मॅन्युअल. त्याचा जन्म झाला मालिकेच्या लेखकांसाठी केलेल्या अंतर्गत टिपणांमधून. त्या लेखकांची पद्धत माहीत आहे ना? तांत्रिक संवाद आला की संहितेत नुसतं 'टेक' असं लिहून पुढे जायचं. "कॅप्टन, आपण टेकला टेक करून टेक करू शकतो." मग सल्लागार मंडळी त्या जागा भरणार. आपण कोडमध्ये 'हे नंतर करू' अशी कॉमेंट टाकून शुक्रवारी घरी पळतो, तसंच. फरक इतकाच की त्यांच्याकडे ती जागा भरणारी माणसं होती.

आता वॉर्पचं गणित बघा. जुन्या मालिकेचं गणित सोपं मानतात. वॉर्पच्या आकड्याचा घन करा, प्रकाशाच्या तितके पट वेग. वॉर्प ९ म्हणजे ७२९ पट. नेक्स्ट जनरेशनच्या वेळी मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना वॉर्प १० ही अंतिम मर्यादा हवी होती, म्हणजे अनंत वेग, जो गाठताच येणार नाही. मग नवं सूत्र केलं. घाताच्या जागी ३ ऐवजी १०/३. वॉर्प ९ झाला १५१६ पट. पण हे सूत्र १० ला अनंताकडे जातच नाही हो! मग ९ ते १० मधलं काय? तिथे ओकुडांनी चक्क हाताने वक्ररेषा काढली. सूत्रबित्र काही नाही. आणि हे त्यांनी लपवलं नाही, पुस्तकात कबूल करून टाकलं. मुख्य मजकूर एकदम गंभीर, जहाज खरंच आहे अशा थाटात, आणि मधूनमधून लेखकांच्या टिपा, की हे असं का ठरवलं, इथे आमची काय अडचण झाली होती. तेव्हापासून आजवर किती चाहत्यांनी त्या हाताने काढलेल्या रेषेला सूत्र बसवायचा प्रयत्न केला असेल देव जाणे. (मी पण. कॉलेजात. एक अख्खी रात्र. जाऊ दे.)

आमच्या हापिसात एका सर्व्हिसच्या टाइमआउटला ४७ सेकंद असा आकडा आहे. (४७ हा आकडा नेक्स्ट जनरेशनमध्ये मुद्दाम जागोजागी पेरलेला आहे, पण हा निव्वळ योगायोग.) आमच्या विकीवर त्याबद्दल पानभर लिहिलंय. कुठे सेट करायचा, कोणाची परवानगी घ्यायची. ४७च का, ते कुठेच नाही. ज्याने ठरवला तो नोकरी सोडून गेला. मागे मी तो ६० केला आणि पुढची रात्र जागून काढली, सकाळी पुन्हा ४७ केला. त्या पानावर कोणी "इथे अंदाजाने टाकलाय, बघा बुवा" एवढं जरी लिहून ठेवलं असतं तरी मी त्या माणसाला जेवण दिलं असतं.

सगळी गाईडं अशी प्रामाणिक नसतात. नव्वदच्या दशकापासून 'अधिकृत साथी' छापाच्या पुस्तकांचं पेव फुटलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, प्रत्येक नट म्हणणार की सेटवर आम्ही एका कुटुंबासारखे होतो. अशी दोन-तीन माझ्याकडेही आहेत. ती आईने नेली तर मी ओरडणार नाही. अधिकृत असणं हा त्यांचा दोष नव्हे, टेक्निकल मॅन्युअलही अधिकृतच होतं. पण या पुस्तकांना लेखक असा कोणी नाहीच, वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकाला नसतो तसा.

उलट डॉक्टर हूचं घ्या. १९६३ पासूनची मालिका, आणि बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक टेप पुसून टाकलेल्या. सुरुवातीच्या काळात प्रत्येक भागाला वेगळं नाव असायचं, पूर्ण कथेचं नाव पडद्यावर यायचंच नाही. ते यायला लागलं १९६६ मध्ये. त्यामुळे पहिल्या कथांना म्हणायचं काय, यावर चाहत्यांची भांडणं. एकेक गाईड छापून आलं तसतशी नावं रुळत गेली.

आणि तारखांचा घोळ तर विचारू नका. १९७५ च्या एका कथेत सेरा जेन सांगते, मी १९८० सालची. १९८३ च्या कथेत तिच्याच काळातले ब्रिगेडियर साहेब १९७७ मध्ये निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवतायत! १९९५ मध्ये पॉल कॉर्नेल, मार्टिन डे आणि कीथ टॉपिंग यांनी 'द डिसकंटिन्यूइटी गाईड' लिहिलं, ते या असल्याच विसंगतींचं. चुका, अडखळलेले संवाद, फसलेले प्रसंग, सगळं प्रेमाने मांडलेलं. पटलं नाही तर त्या तिघांशी भांडता येतं, कारण ते मत त्यांचं आहे. दर आठवड्याला कोणीतरी बदलत असलेल्या पानाशी काय भांडणार? तुम्ही वाद घालायला बसेपर्यंत ते वाक्यच उडालेलं असतं. आणि १९९५ मध्ये लोकांना काय वाटत होतं, हेही त्याबरोबर गेलं.

असो. आता काकाची वही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. काका तेव्हा शाळेत, सांगलीला. इंग्रजी बेताचं, टीव्ही शेजाऱ्यांचा आणि तोही ब्लॅक अँड व्हाइट. (म्हणजे लाल शर्टवाला मरणार ही अख्ख्या जगाला माहीत असलेली गंमत काकाला कळणं शक्यच नव्हतं, सगळेच राखाडी!) तर हा पठ्ठ्या प्रत्येक भाग वहीत लिहायचा. नावं स्वतःच ठेवलेली. 'केसाळ गोळे'. 'दाढीवाला स्पॉक'. एका पानावर नुसतं 'चाचणी परीक्षा, पाहिला नाही'. आणि एका पानावर: 'दगडी राक्षस. खाणीतली माणसं मारतो. स्पॉक त्याला हात लावून रडतो. वीज गेली. बहुतेक मारला असेल.'

ही हॉर्टाची गोष्ट, 'द डेव्हिल इन द डार्क', १९६७. तो राक्षस आई असते. खाणकाम करणारे जे गोळे फोडत असतात ती तिची अंडी. तिला मारत नाहीत, शेवटी खाणवाल्यांशी तिची तडजोड होते.

मी लगेच काकाला फोन लावला. इतक्या वर्षांत त्याने तो भाग परत पाहिलाच नव्हता. सगळं सांगितलं. पलीकडे दोन मिनिटं शांतता.

"अंडी होती होय ती," काका म्हणाला. "बरं, लिहून ठेव वहीत. पण माझं खोडू नकोस हां, खाली लिही."

लिहिलं. खाली तारीख टाकली.