कच्चे आकडे, पक्के शिक्के

वाशी स्थानकातून सेक्टर ३०-एकडे निघालात, की उत्तर प्रदेश, आसाम, ओडिशा, केरळ अशा राज्यांची भवने लागतात. बाजार समितीत साताऱ्याचा माथाडी, कच्छी व्यापारी आणि उत्तर भारतीय फळवाला एकाच गाळ्यापाशी घाम पुसतात. आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर बाहेरून आलेल्यांनी वसवलेले हे शहर. तरीही कुठे चाकू चालला, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुठले होते?’ हा पहिला प्रश्न येतो. पाठोपाठ ‘सरकारी आकडेवारी’ म्हणून एखादी टक्केवारीही फिरू लागते. ती कोणत्या तक्त्यातली, हे मात्र कोणी विचारत नाही.

तो तक्ता शोधून पाहावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खून, दरोडा, दंगल यांचे राज्यवार आकडे मिळतात. दलित-आदिवासींवरील अत्याचारांचे वेगळे प्रकरणही असते. खुनाच्या आरोपींचा धर्म किंवा जात सांगणारा तक्ता मात्र त्यात नाही. धर्म-जात सापडते ती याच विभागाच्या तुरुंगांविषयीच्या अहवालात, म्हणजे तळोज्यासारख्या कारागृहाचे दार ओलांडल्यावर.

आणि दाराआड असते कोण? २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतल्या तिघांवरचा आरोप सिद्धच झालेला नव्हता. ज्याला वकील आणि जामीनदार मिळतो तो घरी जातो. ज्याला मिळत नाही तो आत राहतो आणि मोजला जातो. या मोजणीत गुन्ह्याइतकीच गरिबीही उतरते. खाडीपलीकडच्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकांचा टोळ्यांशी संबंध नसल्याचेच दिसले होते. कच्च्या कैद्यांची टक्केवारी पक्क्या गुन्हेगारांची म्हणून खपवणे ही शुद्ध लबाडी आहे.

अशा शिक्क्याची किंमत महाराष्ट्राला ठाऊक आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, पण चोरी झाली की पारध्यांचा पाल अजूनही आधी उलथापालथा होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला, तो याच इतिहासामुळे.

म्हणून आकडे दडपून ठेवावेत काय? नाही. ब्रिटनमध्ये बालकांच्या सामूहिक लैंगिक शोषणाच्या प्रकरणांतील दोन तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंदच नसल्याचे २०२५ च्या केसी अहवालाने दाखवले. त्या मौनाने अफवाच पोसल्या. आपल्याकडे २०१७ साठी झुंडबळींची माहिती गोळा झाली. पुढे ती विश्वासार्ह नाही म्हणून प्रसिद्धच केली गेली नाही.

अहवाल काढायचाच तर पूर्ण काढावा. अटक किती, जामीन कोणाला, आरोपपत्र कितींवर, शिक्षा कितींना, हे सारे नावे वगळून आणि शिक्षण-उत्पन्नाच्या जोडीने छापावे. राज्यातील गुन्ह्यांचा अहवाल काढणाऱ्या पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने त्याची सुरुवात करावी. अटक झालेले शंभर आणि दोषी ठरलेले दहा एकाच ओळीत दिसले, तर उरलेल्या नव्वदांचे उत्तर पोलिसांना द्यावे लागेल. तोवर ग्रुपवर टक्केवारी आली, तर पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारावे: दोषींची, की नुसत्या कोंडलेल्यांची?