शोभेचा घायपात व वरकस जमीन

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील बागांसाठी पिवळ्या काठाच्या घायपाताची रोपे करू पाहणाऱ्या शेतकरी बंधूंनी प्रथम त्याचे मूळ स्थान ध्यानी घ्यावे. तो मेक्सिकोकडील कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. मांसल पानांतील ओलाव्यावर अवर्षण काढणारा. आपल्याकडे तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २५०० मिलीमीटर पाऊस कोसळतो. भातखाचराच्या चिकण मातीत मुळे कुजली, तर तो दोष रोपाचा नव्हे, जागेचा. आमच्या मते खाचर भातालाच ठेवावे आणि बुंध्याशी फुटलेले मुनवे मुरमाड वरकस उतारावर लावावेत. पानाच्या टोकाचा काटा अणकुचीदार असतो. गोठ्याच्या वाटेवर लागवड नको. झाड अनेक वर्षांनी एकदाच फुलते व मग वाळते, हेही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व विक्रेत्यांनी गिऱ्हाइकास आधीच सांगावे.